आधीचा कार्बन वर आहेच, मग आता कमी करून काय मिळणार?

प्रश्न असा की वर गेलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं जात नाही, मग आता उत्सर्जन घटवून काय उपयोग. शंका रास्त आहे, पण निष्कर्ष नेमका उलटा निघतो. तो लवकर जात नाही म्हणूनच तर प्रत्येक टन मोजायचा, कारण तापमान किती चढणार हे आजवर एकूण किती सोडला यावर ठरतं. ढोबळ हिशेब, १००० अब्ज टनांमागे साधारण ०.४५ अंश. कोळसा-तेल-गॅस जाळून जग वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतंय, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं असंच चाललं की जवळपास अर्धा अंश आणखी.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही, पण नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन सोडतो तेवढाच हवेतून काढून घेणं) गाठलं की तापमान चढणं जवळपास थांबतं. समुद्र अजून पुरता तापलेला नाही त्यामुळे तापमान आणखी वाढायला हवं, पण तोच समुद्र हवेतला कार्बनही ओढत राहतो, दोन्ही मिळून हिशेब बराचसा फिटतो. तापमान लगेच उतरत नाही हं, आणि समुद्राची पातळी तर पुढेही वाढतच राहते, फक्त किती वेगाने ते आपल्या हातात आहे.

"१.५ अंश (कारखाने येण्याआधीच्या काळापेक्षा इतकी तापमानवाढ) ओलांडला की खेळ खल्लास" हेही डोक्यातून काढा. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) २०१८ च्या अहवालात १.५ अंशाला ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील असं म्हटलंय, २ अंशाला ९९ टक्क्यांहून जास्त. म्हणजे मधला प्रत्येक दशांश वाचवण्यासारखा आहे, १.७ वर थांबणं १.९ पेक्षा केव्हाही बरं.

मला विचाराल तर सगळ्यात रोकडा फायदा हवेचा. कोळसा नि डिझेल जाळताना पीएम २.५ चे बारीक कण निघतात ते थेट फुप्फुसात जातात, आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेने सुमारे ४२ लाख लोक अकाली गेले (सगळं काही इंधनामुळे नाही, पण मोठा वाटा त्याचाच). धूर बंद झाला की हवा काही दिवसांत फरक दाखवते, दुसऱ्या देशांनी काय केलं याची वाट बघावी लागत नाही.

यात एक गोम आहे. कोळशाच्या धुरातले सल्फेटचे कण ऊन परतवून थोडा गारवा देतात, ते गेले की ती सावलीही जाते. म्हणून सोबत मिथेनची गळती बंद करा असं म्हणतात, हाही तापमान वाढवणारा वायूच, पण तो बारा-एक वर्षांतच विरत जातो त्यामुळे तिथे कपात केली तर परिणाम लवकर दिसतो.