लिंबाची, संत्र्याची बी रुजली, पुढे काय?

ताई, तुम्ही गच्चीवरच्या कुंड्यांत कागदी लिंबाच्या आणि नागपुरी संत्र्याच्या बिया लावल्यात, रोपं वीतभर झालीत आणि शेजारच्या काकांनी "बीचं झाड वांझ निघतं, कलमच आणा" असं ऐकवलंय. शिवाय शेंडा खुडायचा का आणि पानं पिवळी का पडतात, हेही तुम्हाला हवंय.

काकांच्या डोक्यात आंबा असणार. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री नसते, हे खरं. लिंबू-संत्र्याचं तसं नाही. यांच्या एका बीत बहुधा एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यातला एक परागीभवनातून झालेला, बाकीचे थेट आईच्या पेशींतून तयार झालेले, म्हणजे आईच्या हुबेहूब नकला. एकाच बीतून दोन-तीन कोंब वर आलेले तुम्ही पाहिले असतील, ते याचमुळे. त्यातलं जोमदार रोप ठेवा, बारकं किंवा पानांत वेगळं दिसणारं काढून टाका. आपल्याकडे कागदी लिंबाच्या बागासुद्धा बियांपासूनच्या रोपांवर उभ्या आहेत. राहुरी विद्यापीठाची साई सरबती घ्या, फुले सरबती घ्या, रोपं बियांचीच असतात. वर ट्रिस्टेझासारखा विषाणू बीतून पुढे जात नाही, हा फायदा वेगळाच. पपनस आणि महाळुंग मात्र याला अपवाद. त्यांच्या बीत गर्भ एकच, त्यामुळे फळ कसं निघेल ते नशिबावर.

तेव्हा फळ येईल, आणि बहुतेक आईसारखंच येईल. प्रश्न आहे तो वेळेचा. कागदी लिंबू जमिनीत असेल तर चार-पाच वर्षं धरून चाला. संत्र्याला सात-आठ, कधी त्याहून जास्त. कुंडीत आणखी लांबतं. तोवर झाड नुसतं काटे काढत सरळ वर जातं. लांब काटे म्हणजे रोग नव्हे, झाड अजून वयात आलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच शेंडा खुडू नका. "खुडा म्हणजे झाड भरगच्च होतं" हा सल्ला मोगऱ्याला ठीक आहे. बियाच्या लिंबाला फुलण्याआधी ठरावीक वाढ पुरी करावी लागते, पेरामागून पेर काढत वर जावं लागतं, आणि फुलं येतात ती त्या प्रौढ झालेल्या वरच्या भागात. तुम्ही दरवर्षी शेंडा उडवलात तर त्याला दरवर्षी मागून सुरुवात करायला लावता. वाळलेली काडी आणि बुडाशी फुटलेले धुमारे काढा, बस्स.

पिवळ्या पानांचं आधी नीट बघा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा जस्त कमी पडतंय. चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी, ही आपल्याकडची नेहमीची जोडी. जमलं तर नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घाला. चिलेटेड (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) फेरस आणि झिंक, म्हणजे लोह आणि जस्त, तुमच्या नाशकात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, द्राक्षवाल्यांची कृपा. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं घेऊन पानांवर संध्याकाळी फवारा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर भूक आहे. शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड द्या. आणि कुंडी सतत ओली राहत असेल तर खत कितीही घाला, उपयोग नाही. मुळं कुजली की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, आलाच.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर निरखून पाहा. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वासासकट. एक अळी छोट्या रोपाची सगळी पानं फस्त करते. हाताने वेचा, औषधाची गरज नाही. शेजारी कढीपत्ता असेल तर तोही तपासा, अळी तीच.

बियांच्या झाडाला सोटमूळ खोल जातं, म्हणून पसरट कुंडी नको. रंगाची वीस लिटरची बादली, बुडाला चांगली भोकं पाडून, सध्या पुरेल. ती विटांवर ठेवा, एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब तापून मुळं भाजतात. थंडीत वाढ थांबली तर घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. अंगण असलेलं कुणी ओळखीचं असेल तर कागदी लिंबू सरळ जमिनीत लावा. माझ्या मते कुंडीत वर्षानुवर्षं अडकवण्यात अर्थ नाही.

संत्र्याच्या रोपांचं मी वेगळं सांगेन. द्राक्षाला जसं डॉगरिज नावाच्या जंगली वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांच्या भागावर, कलम करतात, तसं यांना खुंट म्हणून वापरा. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, मातीपासून वीतभर उंचीवर, फळं देणाऱ्या निरोगी संत्र्याचा किंवा मोसंबीचा डोळा (फांदीवरची कळी सालीसकट) खोडाच्या सालीत भरा. डोळा प्रौढ झाडाचा असल्याने सात-आठ वर्षांची वाट दोन-तीन वर्षांवर येते. पहिल्यांदा नर्सरीतल्या माळीदादांकडून करून घ्या. डोळ्यावर बांधलेली पट्टी तीन आठवड्यांनी सोडा. डोळा हिरवा असेल तरच त्याच्या वरचा खुंटाचा शेंडा कापा, काळा पडला असेल तर खोडाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा.