नागपूरला सूर्य जास्त जवळ असतो का?

प्रश्न : ताई, आम्ही मुंबईत राहतो, मे महिन्यात आजीकडे नागपूरला जातो. माझी सहा वर्षांची मुलगी सारखी विचारते की आजीकडे एवढं का तापतं, तिथे सूर्य जवळ असतो का? मी अक्षांश-रेखांश सांगायला घेतले तर ती उठून खेळायलाच पळाली. कसं समजवू?
– एक आई, मुंबई

उत्तर : पळाली ते बरंच झालं, कारण अक्षांशांचा इथे फारसा संबंधच नाही. मुंबई साधारण १९ अंशांवर, नागपूर २१ वर. तरी मे मध्ये मुंबई ३३-३४ ला आणि नागपूर ४२-४३ ला, कधी ४५ च्याही वर! हा सगळा खेळ समुद्राचा. आणि तो सांगू नका, तिच्या हाताला कळू दे.

दोन सारख्या वाट्या घ्या, एकीत कोरडी माती, एकीत पाणी, सकाळीच दोन्ही उन्हात ठेवा आणि दुपारी तिला बोट लावायला सांगा, माती चांगलीच तापलेली असते आणि पाणी नुसतं कोमट. मग सांगा, आपल्या शेजारी पाणी आहे, दुपारी तिकडून गार वारा येतो, आजीच्या चहूबाजूंनी मातीच माती. वाट्या संध्याकाळी सावलीत आणून परत बघायला लावा, आता माती आधी गार झालेली असेल. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज, मुलं इथेच खरी विचार करायला लागतात.

दुसरं म्हणजे घाम. तिला हमखास वाटणार की मग मुंबईत एवढं चिकचिक का होतं? त्यासाठी आजीला व्हिडिओ कॉल करा, दोघींनी एकाच वेळी सारखा ओला रुमाल सावलीत वाळत घालायचा. आजीचा पटकन वाळेल, कारण तिथली हवा कोरडी. म्हणूनच आजीचा कूलर तिथे मस्त गारवा देतो आणि मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर काही कामाचा नाही.

सूर्य जवळ असण्याचं म्हणाल तर तिला महाबळेश्वर आठवून द्या, ते समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच, म्हणजे सूर्याच्या जवळच ना, तरी तिथे मे मध्येसुद्धा गार. उंचावर हवा विरळ आणि थंड, एवढं या वयाला पुरे.

आणि जानेवारीत पहाटे आजीला परत फोन लावा, तेव्हा स्वेटर आजीच्या अंगात असेल. ते का, हे तिलाच सांगू दे, तिने मातीची वाटी बघितलेली आहे.