सॅमनची पिल्लं समुद्रात काय खातात?

प्रश्न: सॅमनची पिल्लं नदीतून समुद्रात गेली की लगेच मासे खायला लागतात का?

उत्तर: लगेच नाही हो, कारण सॅमन भक्ष्य अख्खंच गिळतो, म्हणजे तोंड जेवढं उघडेल तेवढाच घास. आधी कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव), खेकड्यांच्या अळ्या, पाण्यावर पडलेले किडे, मग अंग भरलं की क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि हेरिंग माशाची पिल्लं. चिनूक आणि कोहो या सॅमनच्या जाती मात्र माशांवर लवकर येतात. मला खरं कौतुक वाटतं ते सॉकाय या सॅमनच्या जातीचं, मोठा झाला तरी तो बराचसा बारीक प्लवकांवरच (पाण्यात तरंगणाऱ्या जीवांवर) जगतो, त्याच्या कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर कंगव्यासारखे साधारण ३०-४० लांब काटे असतात, पाणी निघून जातं आणि क्रिल आत अडकतं, आणि त्याच क्रिल-कोपेपॉडमधल्या रंगद्रव्यामुळे त्याचं मांस एवढं लालभडक होतं बघा.