गेलेल्या कलीगला वर्क ॲनिव्हर्सरीच्या शुभेच्छा

"मॅडम, गेलेल्या माणसाचं प्रोफाईल रोज उघडून बघणं नॉर्मल आहे का?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बऱ्याचदा येतो. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पस्तिशीचा माणूस, आला होता झोप लागत नाही म्हणून. शेजारच्या टेबलावरचा कलीग पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेलेला, सहा वर्षं दोघं एकाच टीममध्ये. ऑफिसने दोन मिनिटं मौन पाळलं, आठवड्याभरात टेबल रिकामं केलं आणि त्याचं कामही ह्याच्याच गळ्यात टाकलं. घरच्यांचं म्हणणं, ऑफिसातलाच तर होता ना. असं दुःख, जे आजूबाजूचे दुःख म्हणून धरतच नाहीत, त्यावर केनेथ डोका ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्येच लिहून ठेवलंय, पण सुट्टीच्या अर्जात त्याला रकाना नसतो.

मग एका सकाळी लिंक्डइनवर (नोकरीतल्या ओळखींचं सोशल नेटवर्क) नोटिफिकेशन आलं, अमक्याला कंपनीत सात वर्षं झाली, अभिनंदन करा. अकरा जणांनी केलं पण! त्यातले दोघं तर अंत्यविधीला आलेले. (तयार बटण असतं, अंगठा आपोआप जातो, मी त्यांना फार दोष देणार नाही.) तेव्हापासून हा रोज रात्री ते प्रोफाईल उघडायचा.

आता नॉर्मल-ॲबनॉर्मलचं बोलायचं तर नुसतं बघण्यावरून काहीच ठरत नाही. लांबलेल्या शोकाचं निदान करायला आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान सहा महिने थांबायला सांगतं, अमेरिकन डीएसएम (तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक) मोठ्या माणसांसाठी बारा, आणि तेव्हाही प्रश्न हाच की रोजचं जगणं अडलंय का. त्यामुळे मी कितीदा बघता हे विचारलंच नाही, विचारलं की तिथे गेल्यावर नक्की काय वाचता.

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, एकच ओळ.

दोघांनी मिळून, रात्री जागून केलेलं एक प्रोजेक्ट कलीगने प्रोफाईलवर एकट्याच्या नावावर टाकलं होतं, आणि ह्याला ते कळलं तो गेल्यानंतर. म्हणजे हा तिथे आठवणीत रमायला जातच नव्हता, भांडायला जात होता, आणि समोरचा उत्तर द्यायला नाही आणि ती ओळ तशीच तिथे, मग मेलेल्यावर कसला राग धरतोस म्हणून स्वतःवरच चिडायचा आणि पहाटेपर्यंत जागा. मी एवढंच म्हटलं की जिवंत असता तर चहाच्या वेळी दोन शिव्या घातल्या असत्या ना, मग त्या आता घाला की, इथे.

घातल्या. आणि मग रडला, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुसरा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात, कनेक्शन काढून टाकलं तर गद्दारी होईल का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. आपल्या स्क्रीनवर काय दिसावं हे आपलं, म्यूट करा, काढा, काहीही. प्रोफाईलचं काय करायचं हे मात्र घरच्यांचं, मित्रांनी परस्पर रिपोर्ट करायची घाई करू नये. फेसबुकवर खातं स्मृतीखातं केलं की नावापाशी 'रिमेंबरिंग' दिसतं आणि वाढदिवसाची आठवण येणं थांबतं, आणि आधी नेमून ठेवलेला लेगसी कॉन्टॅक्ट (म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारा) असेल तर तो प्रोफाईल फोटो बदलू शकतो पण मेसेज वाचू शकत नाही. हे शेवटचं घरच्यांना आवर्जून सांगा, बऱ्याच जणांना तीच धास्ती असते.

ह्याने कलीगच्या बायकोला फोन केला. तिला त्या अकरा अभिनंदनांचा पत्ताच नव्हता. ती म्हणाली, आत्ता राहू दे भावजी, त्यात तो हसतोय तो फोटो आहे, वर्षाने बघू.

मग ह्याने कलीगच्या प्रोफाईलसाठी रेकमेंडेशन, म्हणजे कौतुकाचं शिफारसपत्र, लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की ते दिसायला समोरच्याने ॲक्सेप्ट करावं लागतं. प्रिंट काढून माझ्याकडे आणलं. चांगलं लिहिलं होतं, विनोदी होतं, आणि तिसऱ्या ओळीत ते प्रोजेक्ट 'आम्ही दोघांनी' केल्याचं होतं.

"झोप?" मी विचारलं.

"लागते. राग आहे अजून थोडा, पण आता म्यूट करून झोपतो."