टाकीतला गंज आणि टॉयलेट क्लीनरचा सल्ला

प्रश्न: बाबांची जुनी मोटरसायकल सात-आठ वर्षं उभीच होती, आता चालू करायची खूप इच्छा आहे. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आत सगळं तांबडं, हलवली की खुळखुळ वाजते, तळाला थोडं पेट्रोल आहे पण वास वार्निशसारखा येतोय. मित्र म्हणतो टॉयलेट क्लीनर ओत, तासाभरात चकाचक. ओतू का?

उत्तर: नका ओतू. टॉयलेट क्लीनरमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते गंज खातं हे खरं, पण गंज संपला म्हणून थांबत नाही, खालचा चांगला पत्राही खायला लागतं आणि तुमच्या टाकीचा पत्रा आधीच पातळ झालेला असणार. वर ते नीट धुतलं गेलं नाही तर टाकी पहिल्यापेक्षा जोरात गंजते.

पण ॲसिड राहू दे बाजूला, खरा धोका त्याच्या आधी आहे. लोकांना वाटतं पेट्रोल काढलं, टाकी रिकामी झाली, संपली भीती. उलट आहे हो! पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के झाली की ठिणगी पडायचाच अवकाश. गच्च भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, रिकाम्या टाकीत वाफही असते आणि हवाही, म्हणजे सगळी तयारी झालेलीच. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाते, तुम्ही दारात काम करताय आणि आत गॅस पेटलेला आहे तर तिथपर्यंतही पोचू शकते. म्हणून काम उघड्यावर, आधी बॅटरीची वायर काढा, सिगारेट नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्याच्या मोटरमध्येच ठिणग्या उडतात.

जुनं पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढा, गटारात ओतू नका. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), झाकण आणि फ्लोट (पेट्रोल किती आहे ते दाखवणारा तरंगता भाग) असेल तर तोही काढून ठेवा. मग डिटर्जंटचं पाणी घालून हलवायचं, ओतायचं, परत घालायचं, असं चार-पाच वेळा तरी, वास जाईपर्यंत. वास गेला म्हणजे वाफ शंभर टक्के गेली असं मात्र धरू नका, जाड गंजाच्या पापुद्र्याखाली आणि सांध्यात पेट्रोल मुरलेलं असतं.

आता खुळखुळणारा गंज. टाकीत पाणी असतानाच मूठभर नट टाकून हलवा, पापुद्रे सुटतात. कोरड्या टाकीत हे करू नका, लोखंडावर लोखंड घासतं. आणि टाकायच्या आधी नट मोजा!! मी एकदा बावीस टाकले, एकवीस निघाले, त्या बाविसाव्याने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली.

उरलेल्या गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा ते एक किलो विरघळवून टाकी काठोकाठ भरा, कारण गंज वरच्या बाजूलाही असतो. चष्मा आणि ग्लोव्हज घाला, आणि बाहेरच्या रंगावर ओघळ आले तर लगेच पुसा, नाहीतर डाग पडतात. टाकीचं तोंड घट्ट बंद करू नका, ॲसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन सुटतो, तो कोंडला तर दाब वाढतो आणि तोही पेटणाराच. दर दोन-तीन तासांनी टॉर्च मारून बघा, बहुतेक काम एका दिवसात होतं, पत्रा राखाडी दिसला की ओतून टाका, उगाच चार दिवस मुरवत ठेवू नका.

प्रश्न: मी हे सगळं केलं, आतून मस्त स्वच्छ झाली, धुवून उन्हात ठेवली आणि दुपारी बघतो तर परत नारिंगी. माझं कुठे चुकलं?

उत्तर: उन्हात ठेवलीत तिथेच. ॲसिडने नागडा झालेला पत्रा ओला राहिला की काही मिनिटांत गंज धरतो, आणि टाकीला तोंड लहान म्हणून आतली ओल लवकर सुटत नाही. ॲसिड बाहेर ओतून टाकलं की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा (फेस येईल, घाबरू नका), मग साध्या पाण्याने धुवा आणि न थांबता कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा हेअर ड्रायरने वाळवा. काही जण ओल काढायला स्पिरिट फिरवतात, चालतं, पण मग ड्रायर लावायचा नाही, आतली तार लाल झालेली असते. दोघांपैकी एकच. वाळली की थोडं इंजिन ऑइल आत फिरवून निथळवा आणि तुमच्यासारखा हलका नारिंगी थर आला असेल तर दोन तास परत सायट्रिक, सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही.

प्रश्न: टाकीला खाली टाचणीएवढं भोक पडलंय. घरी वेल्डिंग मशीन आहे, टाकी धुतली की डाग मारला तर चालेल?

उत्तर: नाही, नाही आणि नाही. वर म्हटलं तसं सांध्यात मुरलेलं पेट्रोल उष्णता लागली की वाफ होऊन बाहेर येतं, धुतलेल्या टाक्याही फुटल्यात. हे काम टाक्या दुरुस्त करणाऱ्या जाणकार माणसाकडेच द्या आणि त्यात आधी काय होतं हे त्याला स्पष्ट सांगा. बारीक भोकाला आतून लायनर (टाकीच्या आतल्या बाजूचा लेप) मारता येतो, पण गंज आणि ऑइल पूर्ण काढून, कारण तसाच मारला तर वर्षा-दोन वर्षांत सालं निघतात आणि थेट कॉकमध्ये अडकतात. भोक नसेल तर मी लायनरच्या वाटेला जात नाही.

प्रश्न: टाकी साफ केली, गाडी चालू होते पण दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते, झाकण उघडलं की परत चालू.

उत्तर: झाकणातलं हवेचं छिद्र गंजाने किंवा मातीने बुजलंय. पेट्रोल खाली जातं, वर हवा येत नाही, मग पेट्रोल अडतं. बारीक तारेने मोकळं करा.