जेल नेल्स घरी करणार असशील तर हे आधी वाच
अगं किट घेतलंयस ते ठीक, पण जेल कातडीला लागू देऊ नकोस, लागलं तर जेल कडक करणाऱ्या लॅम्पखाली हात घालायच्या आधीच पुसून काढ, कारण नीट न सुकलेल्या जेलमधलं हेमा नावाचं केमिकलच बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी करतं आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, पुढे दातात फिलिंग करताना पण (त्यातही तसलीच केमिकल्स असतात) त्रास होऊ शकतो म्हणून डेंटिस्टला सांगावं लागतं. युरोपात 2021 पासून हेमावाली नखांची प्रॉडक्ट्स फक्त प्रोफेशनल वापरासाठीच आहेत. बोटं खाजली, नखाभोवती पुरळ आलं किंवा पापण्या सुजल्या (हो, पापण्यासुद्धा, हात लागतो ना) तर लगेच बंद कर आणि स्किनच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट (कातडीवर थोडं केमिकल लावून अ‍ॅलर्जी बघतात ती) करून घे. आणि प्लीज जेल ओरबाडून काढू नकोस गं, नखाचा थर निघतो, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनच काढ.