अपघातानंतर व्हीलचेअरवर असलेला सहकारी घरून काम करतो, पण मागे पडतोय. टीम लीड म्हणून मी काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधली २८ जणांची कंपनी. टीममधल्या एका मुलाला बाइकच्या अपघातात मणक्याला मार लागला, कमरेखालची ताकद आणि संवेदना गेली. कंपनीने त्याला कायमचं वर्क फ्रॉम होम दिलं. आता सहा महिने झाले. सकाळी साडेनऊच्या मीटिंगला तो उशिरा येतो, कॅमेरा बंद ठेवतो, कामं रखडतात आणि विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतो. त्याला न दुखावता काय करता येईल?

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी पाच वर्षं सांगलीहून घरून काम करते, आणि माझ्या टीममध्ये मणक्याची दुखापत झालेला एक सहकारी आहे. म्हणजे सोय मागणारी मी आहे आणि देणारीही.

घरून काम दिल्याने त्याचा प्रवास आणि ऑफिसचा जिना वाचला. पण तो दिवसभर कशावर बसतो, कुठल्या टेबलावर काम करतो, त्याचा दिवस कसा जातो, यातलं काहीच त्यामुळे बदललेलं नाही. ऑफिसात निदान कुणाच्या तरी नजरेला पडलं असतं. घरी ते कुणालाच दिसत नाही.

माझंच उदाहरण देते. घरून काम सुरू झालं तेव्हा कंपनीने सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची पाठवली. चांगली होती, महागही होती. पण माझा डावा पाय आखूड आहे, तो जमिनीला टेकायचा नाही. लोंबकळत राहायचा आणि खुर्चीची कड मांडीला खालून दाबायची. पोलिओचा पाय एरवीही थंड असतो, दुपारपर्यंत तो बर्फासारखा व्हायचा आणि बधिर पडायचा. एक दिवस आईने न बोलता जेवायचा पाट आणला आणि माझ्या डाव्या पायाखाली सरकवला. गुडघा वर आला, मांडीवरचा दाब गेला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी काम संपवून धड उभी राहिले. पुढे आमच्या लीडने एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ताई, तुमची बसायची जागा जरा दाखवता का? काय अडचण होतेय ते मला बघायचंय." मी फोन फिरवून पाट दाखवला. आठवड्याभरात उंची बदलता येणारं पायटेकण आलं. तब्येत कशी आहे हे तोवर सगळ्यांनी विचारलं होतं, बसायची जागा मात्र त्यांनीच पहिल्यांदा विचारली.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे येऊ. त्याच्या घरी नेमकं काय चाललंय ते मला माहीत नाही, ते त्याच्याकडूनच कळेल. पण अशा दुखापतीत काही गोष्टी बहुतेकांच्या वाट्याला येतात आणि ऑफिसातल्या लोकांना त्यांचा पत्ता नसतो.

पहिली गोष्ट सकाळची. कमरेखालची संवेदना गेली की लघवी आणि शौचावरचा ताबाही जातो. शौच ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने करून घ्यावं लागतं. त्यात अंघोळ, कपडे, पलंगावरून व्हीलचेअरवर येणं धरलं तर दोन तास सहज जातात, आणि एखाद्या दिवशी गडबड झाली की सगळं पहिल्यापासून. लघवीसाठी बरेच जण दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढायची बारीक नळी, घालतात. साडेनऊच्या मीटिंगसाठी त्याला पहाटे किती वाजता उठावं लागत असेल याचा विचार करा. आणि हे कारण कुणी टीमसमोर सांगेल का? तो "नेट गेलं होतं" असंच म्हणणार.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. सलग बसून राहिलं की जागा दुखते आणि आपण न कळत चुळबुळ करतो. त्याला ते दुखणं जाणवतच नाही, म्हणून एकाच जागी दाब पडून जखम होते. तिला बेडसोर म्हणतात, पण ती व्हीलचेअरवर बसूनही होते. ती एकदा झाली की भरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर बसायची बंदी असते. ती टाळायला दर पंधरा-वीस मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटं अंगाचं वजन हलवावं लागतं: हातांवर उचलून, बाजूला झुकून, किंवा पुढे वाकून कोपरं टेबलावर टेकवून. आमचा सहकारी जखम झाली तेव्हा दीड महिना कुशीवर पडून काम करत होता. कॅमेरा बंद असायचा आणि मी मनात धरलं होतं की त्याचं लक्ष नाही. ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यानंतर आमच्या टीममध्ये कॅमेरा सुरू ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, कारण विचारायचं नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे, ती त्याला नक्की सांगा. लॅपटॉप मांडीवर ठेवून काम करत असेल तर आजच थांबवा. तापलेला लॅपटॉप आपल्याला चटका देतो, आपण तो उचलतो. त्याला चटका कळत नाही, संध्याकाळी कपडे बदलताना फोड दिसतो. गरम चहाचा कप मांडीत धरण्याचंही तेच.

मग टेबल कसं हवं? आपल्याकडच्या बहुतेक टेबलांना समोर ड्रॉवर किंवा आडवी फळी असते. व्हीलचेअर आत जातच नाही, गुडघे अडकतात. मग माणूस टेबलाला समांतर बसतो आणि दिवसभर कमरेतून पिळून स्क्रीनकडे बघतो. त्याच्या बाबतीत कमरेला साथ देणारे स्नायूही काम करत नसतील, म्हणजे सगळा भार खांद्यांवर. हे खांदे त्याला आयुष्यभर जपायचे आहेत, कारण चाकं फिरवणं, पलंगावर चढणं सगळं त्यांच्याच जोरावर. तेव्हा टेबलाखाली मोकळी जागा हवी. जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर असली की बहुतेक खुर्च्या जातात, पण त्याचे गुडघे आणि हातटेकणं मोजूनच घ्या. आमच्या सहकाऱ्याच्या टेबलाचा ड्रॉवर सुताराने काढला आणि चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकले. एका दुपारचं काम. फक्त टेबल डगमगता कामा नये, कारण तो त्यावर वाकून वजन पेलणार आहे.

बाकीचं तुम्हा-आम्हालाही लागू आहे. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून एक नीट ठेवला की दुसरा चुकतो. लॅपटॉप स्टँडवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर. वेगळा कीबोर्ड आणि माउस, कोपरं काटकोनाच्या आसपास. कीबोर्ड छोटा, नंबरपॅड नसलेला असेल तर माउस जवळ येतो आणि खांदा कमी ताणला जातो.

आपल्याकडची आणखी दोन कामं आहेत. एक, वीज. जखम टाळायला रात्री हवेच्या गादीवर झोपत असेल तर तिचा पंप विजेवर चालतो आणि वीज गेली की बहुतेक गाद्या हळूहळू बसतात. कंपनीने इन्व्हर्टर दिला तर त्याचं नेटही चालेल आणि झोपही होईल. दोन, उन्हाळा. मणक्याची दुखापत वरच्या भागात असेल तर त्याखालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्याचा वेग पडला तर त्याला कूलर द्या, नाहीतर कामाची वेळ पुढे-मागे करा. जाब विचारू नका.

आता विचारायचं कसं. टीमसमोर नको, एचआरला सोबत घेऊनही पहिल्यांदा नको. एकट्याने फोन करा आणि बोलणं कामापासून सुरू करा. "तुला काय होतंय?" असं विचारलं की माणूस "काही नाही" म्हणतो. त्यापेक्षा म्हणा, "महिनाअखेरचा रिपोर्ट करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? दिवसातले कुठले तास तुझे चांगले असतात? कुठली मीटिंग तुला जड जाते?" याची उत्तरं तो देईल. आणि पहिलं काहीतरी तुम्हीच देऊन टाका, त्याला मागायला लावू नका: "साडेनऊची मीटिंग आपण साडेअकराला घेऊ, सगळ्यांसाठीच." सगळ्यांसाठी केलं की तो एकटा उघडा पडत नाही. टीमला काय आणि किती सांगायचं हे त्याने ठरवायचं. तुम्हाला कळलेलं तुमच्यापाशीच राहू द्या.

वेळ मोजू नका, काम मोजा. मधे मधे तुकड्यांत काम करून तो रात्री आठला पूर्ण देत असेल तर तेवढ्याने भागायला हवं. तातडीची, तासाभरात हवी अशी कामं काही दिवस दुसऱ्याकडे द्या, पण चांगली कामं काढून घेऊ नका. "त्याला त्रास नको" म्हणून हळूहळू फक्त डेटा एंट्री उरते, हे माझ्या बाबतीत एकदा झालंय. पायाच्या दुखण्यापेक्षा ते मला जास्त लागलं होतं.

मीटिंगमध्ये एक जरी माणूस दूर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जोडायचं, हा नियम करून बघा. सहा जण एका खोलीत हसतात, एक आवाज फुटतो आणि घरी बसलेल्याला काय ठरलं तेच कळत नाही. चहाच्या टपरीवर ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींत लिहून ग्रुपवर टाका.

कंपनी "खर्च कशाला" म्हणाली तर कायदा हाताशी असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच आहे. सोयीचा बोजा कंपनीला न पेलणारा नसावा एवढीच अट आहे, आणि सुताराच्या एका दुपारीत तो बोजा नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करून ते सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. तुम्ही २८ आहात, तेव्हा तुमच्या कंपनीत हे आहे का ते आधी विचारा. "आधी ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा" असंही म्हणतील. आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे, सोयीसाठी नाही. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता, तो न्यायालयाने द्यायला लावला. तरी तुमच्या सहकाऱ्याने यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायला मदत करा, पुढे बऱ्याच ठिकाणी लागतं. टेबल, स्टँड, इन्व्हर्टर कंपनीने स्वतः विकत घेऊन त्याच्या घरी पोचवावं. "तू घे, बिल लाव" म्हणू नका; दवाखान्याची बिलं भरून रिकामा झालेला माणूस पुढचे तीन महिने पैशांची वाट बघत बसतो.

आणि अधूनमधून ऑफिसला यायला त्याला आवडेल का, तेही विचारा. घरून काम दिलंय म्हणून ऑफिसचं दार बंद झालंय असं त्याला वाटायला नको. दारात एकच पायरी असेल तर उतार १ ला १२ या मापाने करा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांब उतार लागतो; त्याहून उभा केला तर कुणाला तरी ढकलावं लागतं. व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट आहे का ते मात्र बोलावण्याआधी मोजपट्टी घेऊन बघा. नसेल तर कॅथेटरच्या वेळा सांभाळून तो दोन-तीन तासच थांबू शकेल, हे त्याच्याशी आधीच बोला.

फोन करायच्या आदल्या दिवशी एक मेसेज टाका: "उद्या अर्धा तास बोलू, तुला कुठली वेळ बरी?" अकराच्या आतली वेळ तुम्ही सुचवू नका. बोलणं झालं की ठरलेलं त्याला लिहून पाठवा आणि महिन्याने परत विचारा, कारण सहा महिन्यांत त्याचं शरीर अजून बदलणार आहे. आज बरोबर मोजलेलं टेबल नवी खुर्ची आली की चुकेल. माझ्याकडचं पायटेकण मी गेल्या वर्षी तिसऱ्यांदा बदललं. काही अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.